कोमट पाण्याचा हिशोब

पाणी तापवायचं सोलर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती लिटरचं घेताय. दुसरा, नळ्यांचं की पॅनलचं. तिसरा, कितीला पडलं. आम्ही घ्यायचं ठरवलं तेव्हाही हेच झालं, नातेवाइकांचे फोन, गल्लीतल्यांचे सल्ले, प्रत्येकाकडे एक आवडती कंपनी आणि एक नावडती कंपनी. पण घरात आधीपासून जो बॉयलर आहे त्याला हे नवीन प्रकरण जोडणार कसं, पाणी आधी कुठून जाणार आणि मग कुठे, ढगाळ दिवशी काय होणार, हे कोणी म्हणजे कोणी विचारलं नाही. आणि माझं आता ठाम मत झालंय की सगळी गोम त्या जोडणीतच आहे. टाकी बऱ्या कंपनीची घेतली, आयएसआय मार्क बघितला, वॉरंटी नीट वाचली की तो विषय संपतो. ऊन सगळ्यांना सारखंच मिळतं. पाइप मात्र प्रत्येक घराचे वेगळे.

आधी नाशिकबद्दल थोडं, कारण त्याशिवाय हे कळणार नाही. इथली थंडी खरी असते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जाणं नेहमीचं, आणि तिकडे निफाडला तर अजून खाली, पेपरात दरवर्षी निफाडचा आकडा येतो. पण त्याच दिवसांत आभाळ इतकं स्वच्छ असतं की दुपारी गच्चीवर डोळे दिपतात. म्हणजे गरम पाण्याची गरज सगळ्यात जास्त ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत आभाळ मोकळं. उत्तर युरोपात असं नसतं. तिथे हिवाळा म्हणजे ढग आणि चार वाजता अंधार, त्यामुळे सोलर असूनही बॉयलरला रोजचं काम असतं. आपल्या दख्खनच्या पठारावर गणित उलटं आहे. आपला अडचणीचा काळ पावसाळा, जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा थंडी तेवढी नसते. कलेक्टर, म्हणजे ऊन झेलणारा नळ्यांचा किंवा पॅनलचा भाग, दक्षिणेला तोंड करून, आपल्या अक्षांशापेक्षा १०-१५ अंश जास्त तिरका ठेवतात तो याचसाठी, हिवाळ्यातला खाली उतरलेला सूर्य समोरून पकडायला. नाशिक २० अंशांवर, म्हणजे ३०-३५ अंशांचा उतार.

आमचं घर जुनं, दोन मजली, खाली आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे आणि वर आम्ही. खालच्या बाथरूमच्या माळ्यावर ७० लिटरचा विजेचा बॉयलर, बाबांनी घर बांधताना बसवलेला, तोच पाइप वरच्या बाथरूमलाही गेलेला. त्याचं आवरण पिवळट पडलेलं, पण आतली तांब्याची टाकी भक्कम. बाबांचा त्याच्यावर जीव. सोलर आलं तरी बॉयलर निघणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं, पावसाळ्यात सोलरला जोडीदार लागतोच.

त्या बॉयलरचा खर्च मी आधी कधी मोजला नव्हता. एका बादलीचं गणित सोपं आहे. २० लिटर पाणी, नळाचं २२ अंशांचं, अंगावर घ्यायला ४२ अंशांचं लागतं. २० अंश चढवायला साधारण अर्धं युनिट वीज. एका बादलीला अर्धं युनिट, हे लक्षात ठेवायला चांगलं आहे. घरात सहा माणसं, कोणाची एक बादली कोणाच्या दोन, डोकं धुवायचे दिवस वेगळे, शिवाय ७० लिटर पूर्ण तापवून त्यातलं अर्धंच वापरलं जायचं आणि उरलेलं दिवसभर माळ्यावर निवत बसायचं. महावितरणच्या बिलाचे टप्पे १०० युनिट, ३०० युनिट, ५०० युनिट असे आहेत, आणि टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांचा दर एकदम चढतो. हिवाळ्यात आमचं बिल या बॉयलरमुळेच तो टप्पा ओलांडायचं. म्हणजे बॉयलरची युनिटं ही बिलातली सगळ्यात महागडी युनिटं असायची.

आता जोडणीचं. बाजारात जे सहज मिळतं ते असं, की सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल टाकून देतात, बॅकअप म्हणून. विकणाऱ्याला सोपं, घेणाऱ्याला एक बटण. पण नीट बघा काय होतं ते. २०० लिटरची टाकी, पावसाचा दिवस, संध्याकाळी कोणीतरी बटण दाबलं. कॉइल बऱ्याचदा टाकीच्या खालच्या अंगाला असते, त्यामुळे ती सगळं पाणी तापवते, दोन बादल्या हव्या असल्या तरी २०० लिटर. २२ वरून ५० अंशांवर न्यायला साडेसहा युनिट आणि तीन तासांच्या वर वेळ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऊन पडलं तर त्या उन्हाला कामच उरत नाही, टाकी आधीच तापलेली. पैसे देऊन आपण सूर्याची जागा अडवून ठेवतो. ज्यांच्याकडे जागाच नाही, दुसरा गीझर नाही, त्यांनी ठेवावी कॉइल, पण घरात चालू बॉयलर असताना ही पद्धत मला पटत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे दोन वेगळ्या लाइनी. सोलरचा नळ वेगळा, बॉयलरचा वेगळा. सोलर तापलं तर तो उघडा, नाहीतर हा. बऱ्याच घरांत असंच आहे आणि दिसायला निर्धोक आहे. पण यात एक नुकसान लपलेलं असतं आणि ते मला आमच्या प्लंबरदादांनी दाखवलं. ते गच्चीवर टेप लावून मापं घेत होते आणि मी विचारलं की दोन नळ केले तर चालणार नाही का. ते म्हणाले, "वहिनी, चालेल की. पण ढगाळ दिवशी सोलरचं पाणी कोमट येतं, मग तुम्ही काय करणार? म्हणणार आज सोलर नाही, आणि बॉयलर लावणार. बॉयलरमध्ये कुठलं पाणी जाणार? टाकीचं गार. आणि ते कोमट वरच राहणार."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. कारण सोलरबद्दल आपण बोलतो ते कडकडीत आणि गार असं दोनच बाजूंनी. चटका बसला की सोलर चांगलं चाललंय, नाही बसला की आज बंद. मधलं पाणी आपण हिशोबातच धरत नाही. पण नळ्यांचं सोलर पावसाळी दिवशीही पसरलेल्या उजेडातून काहीतरी गोळा करतच असतं, पाणी ३२, ३४, ३६ अंशांपर्यंत जातं. ३४ अंशांच्या पाण्यानं कोणी आंघोळ करत नाही, बरोबर आहे. पण बॉयलरला विचारा. २२ वरून ४२ वर न्यायचं म्हणजे २० अंशांचं काम, आणि ३४ वरून ४२ वर न्यायचं म्हणजे ८ अंशांचं. ज्या दिवसाला आपण वाया गेलेला म्हणतो त्या दिवशीसुद्धा सूर्यानं निम्म्याहून जास्त काम करून ठेवलेलं असतं. ते फेकून देऊन पुन्हा गार पाण्यापासून सुरुवात करायची म्हणजे शिजत आलेला भात ओतून देऊन नवीन तांदूळ धुवायला घेण्यासारखं आहे.

म्हणून तिसरी पद्धत, एकामागे एक. गच्चीवरच्या टाकीतून गार पाणी सोलरमध्ये, सोलरमधून निघालेलं पाणी, ते जसं असेल तसं, बॉयलरच्या गार पाण्याच्या तोंडाला, आणि बॉयलरमधून नळाला. बॉयलरचा थर्मोस्टॅट स्वतः बघतो पाणी किती तापलंय ते. ५० लावलाय आणि आत ६० चं आलं तर तो वीज घेतच नाही. ३४ चं आलं तर उरलेलं तेवढं भरून काढतो. ठरवायचं काही नाही, आज ऊन आहे का नाही हे सकाळी उठून बघायचं नाही. पहिला मान सूर्याचा, वीज पंगतीत शेवटी.

पण यातही एक खोच आहे आणि ती कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमचा बॉयलर ७० लिटरचा. थंडीत, लख्ख ऊन पडलेल्या दिवसानंतर, रात्री गच्चीवर सोलरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी भरलेलं. पण सकाळी नळ उघडला की पहिलं पाणी येतं ते बॉयलरमध्ये कालपासून बसलेलं, निवलेलं. तो ७० लिटरचा गोळा बाहेर पडल्याशिवाय वरचं कडकडीत पाणी खाली येणारच नाही. म्हणजे पहिल्या तीन आंघोळी कोमट पाण्याच्या, आणि बाबा तर साडेपाचला पहिले. मग ते बॉयलर लावणार, म्हणजे गच्चीवर गरम पाणी असताना खाली वीज जळणार. यावर उपाय म्हणजे बायपास. तीन बॉल वॉल्व्ह. एक बॉयलरच्या आत जाणाऱ्या पाइपावर, एक बाहेर येणाऱ्या, आणि एक दोघांना सरळ जोडणारा. ऊन असेल त्या दिवसांत सरळ रस्ता उघडा, बॉयलर बाजूला. पावसाळ्यात उलट. दिवाळी ते होळी बायपासवर, पुढे उन्हाळाभर तर बायपासवरच, आणि जूनपासून बॉयलरमधून. मधे अवकाळी आला तर दोन मुठी फिरवायच्या, एवढंच. उन्हाळ्यात बॉयलर बाजूला ठेवायचं अजून एक कारण, तेव्हा सोलरचं पाणी ८० च्या आसपास जाऊ शकतं, तसलं पाणी बॉयलरमध्ये शिरलं की त्याचा सेफ्टी कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारं बटण, पडू शकतो, मग आवरण उघडून तो दाबायला माणूस बोलवा.

यात सुरक्षेची एक गोष्ट आहे, ती कृपया वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बॉयलरच्या दोन्ही बाजूचे वॉल्व्ह बंद आणि चुकून बटण चालू राहिलं तर आत बंद भांड्यात पाणी तापत राहतं, पाणी तापलं की फुगतं आणि त्याला जायला वाट नसते. बॉयलरचा स्वतःचा सेफ्टी वॉल्व्ह हवाच, तो चालू आहे ना ते बघायला हवं, आणि तो बायपासच्या वॉल्व्हच्या आत, बॉयलरच्या बाजूला हवा. प्लंबरदादांनी आत जाणाऱ्या पाइपावरच्या वॉल्व्हची मूठच काढून कपाटात ठेवून दिली, फक्त दुरुस्तीला लावायची. बायपासवर असताना बाहेरचा वॉल्व्ह बंद, आतला कायम उघडा. आणि मेन बोर्डावरचा बॉयलरचा स्विच खाली. मी तिथे मार्करनं बाण काढून लिहून ठेवलंय, कारण घरात मीच असेन असं नाही.

जुना ७० लिटरचा पुढे एका पावसाळ्यात गळायला लागला. मग त्याच्या जागी २५ लिटरचा आला. सोलरच्या मागे असलेला बॉयलर छोटाच बरा. आत निवून बसणारं पाणी कमी, आणि ३४ चं पाणी ५० वर न्यायला २ किलोवॉटला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. बाबांना तो आधी खेळण्यातला वाटला. पण ऑगस्टमध्ये त्यांची साडेपाचची आंघोळ वेळेवर व्हायला लागली आणि त्यांनी तो विषय काढणं सोडलं.

उंचीचं राहिलंच. आमच्यासारख्या घरात सोलरला पंप नसतो, सगळं आपोआप चालतं. नळ्यांमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, टाकीच्या तळाचं गार पाणी खाली नळ्यांत उतरतं, दिवसभर हेच चक्र. म्हणून टाकी कलेक्टरच्या वर. पण त्या टाकीत गार पाणी येणार कुठून? गच्चीवरच्या साठ्याच्या टाकीतून, तेही आपल्या वजनानं. म्हणजे साठ्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, गच्चीपासून सात-आठ फूट. जुन्या घरांत काळी टाकी स्लॅबवरच किंवा दोन विटांच्या ओट्यावर बसवलेली असते. तिथे मग लोखंडी स्टँड करा, नाहीतर सोलरपुरती छोटी टाकी उंचावर ठेवा. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, ते खालच्या बीमवर, कॉलमवर यायला हवं, मोकळ्या स्लॅबच्या मधोमध नाही. आमच्याकडे जिन्याच्या टपावर सिमेंटची टाकी होती, तिचा तळच आठ फुटांवर, त्यामुळे हा खर्च वाचला. सोलर घेताय तर आधी गच्चीवर जाऊन टेप लावा, कंपनीला फोन नंतर करा. आणि सोलरच्या टाकीवरून जो एक उघडा पाइप वर जातो, हवेचा, तो साठ्याच्या टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्यायचा. वाफ आणि हवा तिथूनच निघते, तो कधीही बुच लावून बंद करायचा नाही, पावसाचं पाणी जाईल म्हणूनसुद्धा नाही, टोक खाली वळवलं की झालं.

पॅनल घ्यायचं की नळ्या, हा निर्णय आमच्यासाठी बोअरनं घेतला. महापालिकेचं पाणी येतं पण उन्हाळ्यात पुरत नाही, मग बोअरचं मिसळलं जातं, आणि ते जड. बॉयलरची कॉइल बदलताना मी बघितली होती, कॉइल म्हणून ओळखूच येत नव्हती, पांढरट क्षारांचा जाड थर, खरवडला तर शंखाच्या तुकड्यांसारखे पोपडे. सपाट पॅनलमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या असल्या पाण्यानं बुजतात. काचेच्या नळ्यांना तोंड मोठं, गाळ तळाला बसतो, काढून धुता येतो. पाणी गोडं असेल तर पॅनल चांगलंच, वर्षानुवर्षं टिकतं, गारपिटीपुढे आणि पोरांच्या चेंडूपुढे नळ्यांपेक्षा चांगला टिकाव धरतं. जड पाणी असेल तर नळ्या. आणि टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती गंजून टाकीला वाचवते, ती अधूनमधून काढून बघायची, संपली असेल तर बदलायची. विकताना ही कांडी कोणी दाखवत नाही, पण टाकीचं आयुष्य बरंचसं तिच्यावर आहे.

नळ्या बसवतानाचा दिवस मला बघायचा होता म्हणून मी सुट्टी घेतली होती. प्रत्येक नळी म्हणजे एकात एक दोन काचा, मधली हवा काढून टाकलेली, आतल्या काचेला गडद लेप. थर्मासचंच तत्त्व. खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. मधली निर्वात पोकळी शाबूत आहे तोवर तो चंदेरी, कुठे चीर जाऊन हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो. म्हणजे हजारो रुपयांचं यंत्र नीट आहे की नाही हे गच्चीवर जाऊन नुसतं बघून कळतं, पांढरी दिसली ती नळी बदला. बसवणाऱ्या मुलांनी साबणाचं पाणी केलं, नळीच्या तोंडाला लावलं आणि रबरी रिंगमधून हळू पिळत पिळत आत सरकवली. पहिल्या रांगेवर लगेच जुनी चादर टाकली. कारण रिकामी नळी उन्हात ठेवली की आतून भयंकर तापते आणि मग त्यात गार पाणी सोडलं की तडकते. पाणी भरायचं ते सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. मी एका नळीवर बाहेरून हात ठेवला, भर दुपारी, काच गारच. सगळी उष्णता आत. पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला कळलं तेव्हा फार भारी वाटलं.

हे सगळं नवीन नाही, यानंही मला मजा वाटते. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लेरन्स केम्पनं काचेच्या पेटीत पाण्याच्या टाक्या ठेवून सोलर हीटरचं पेटंट घेतलं होतं. दुपारी पाणी छान तापायचं, पण रात्रीत निवायचं, कारण टाकी काचेखालीच. मग १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीनं तापवणारा भाग वेगळा आणि साठवणारी टाकी वेगळी केली, टाकीला उबदार आवरण घातलं. आज आपल्या गच्चीवर आहे ते त्याचंच पुढचं रूप. आणि आपल्याला तर त्याची गरज जास्त, कारण आपली आंघोळ पहाटेची. आपण आज सकाळी जे पाणी अंगावर घेतो ते कालचं ऊन असतं. टाकीचं आवरण चांगलं असेल तर रात्रीतून पाच-सहा अंशच उतरतं.

यावरून सवयींचा विषय येतो. संध्याकाळी कामावरून येऊन सगळ्यांनी पुन्हा आंघोळी केल्या, गरम पाण्यानं, तर सकाळच्या वाट्याला कमी उरतं, कारण रात्री आत शिरलेलं गार पाणी तापवायला ऊनच नाही. तेच दुपारी अकराला वापरलं तर संध्याकाळपर्यंत टाकी पुन्हा भरून तापते. आमच्याकडे आईंची आंघोळ देवपूजेच्या आधी, धुणं-भांडी दहा-अकराला, मुलं संध्याकाळी फक्त हातपाय. हे कोणी ठरवून केलं नाही, आईंच्या दिवसाचा क्रमच तसा होता आणि सोलरला तो बरोबर बसला. ज्या घरात सगळे रात्री शॉवर घेतात तिथे तेवढ्याच माणसांना मोठी टाकी लागेल.

आमच्या ताईची पुण्यातली कहाणी वेगळी. त्यांच्या सोसायटीत सोलर आहे, पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यातलं एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट देते, त्यामुळे बिल्डर गच्चीवर पॅनल लावतातच. पण सोलरचं पाणी सकाळी ठरावीक वेळेत आणि वरच्या मजल्यांना आधी. ताई खाली राहते, तिच्या नळाला गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी जातं. तिनं बाथरूममध्ये गॅस गीझर घेतला होता आणि तिला सोलरचं पाणी त्यातून न्यायचं होतं. साध्या गॅस गीझरला हे करू नये. तो पाणी कोमट आलं म्हणून ज्योत आपोआप कमी करत नाही, तेवढीच उष्णता देतो आणि पाणी धोकादायक तापतं. शिवाय बंद बाथरूममधला गॅस गीझर ही मुळातच काळजीची गोष्ट आहे, कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही, आणि त्यानं माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तिनं तो काढून विजेचा १५ लिटरचा घेतला, सोलरच्या लाइनवर, एकामागे एक. आता पहिलं पाणी जे गार-कोमट येतं ते नाल्यात न जाता गीझरमध्ये जातं. मला याचा फार आनंद झाला.

दुसरी एक गडबड मी दोन-तीन घरांत बघितलीय. गच्चीवरचं सोलर आपोआप भरून वाहतं, हवेच्या पाइपातून पाणी पडतं, आणि लोक सोलर कंपनीला फोन करतात. कारण बहुतेक वेळा खाली बाथरूममध्ये असतं. गार लाइनला प्रेशर पंप बसवलेला, गरम लाइन मात्र नुसत्या उंचीवर. मिक्सरचे दोन्ही कान उघडे आणि पुढचा हातातला शॉवर बंद. मग जोरातलं गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम पाइपात शिरतं आणि थेट सोलरच्या टाकीपर्यंत चढतं. गरम पाणी गार होतं ते वेगळंच. दोन्ही लाइनी एकाच टाकीवरून, सारख्याच दाबाच्या ठेवा, आणि गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व्ह, टाका, पाणी एकाच दिशेनं जाईल.

आजकाल सगळे विचारतात की पाणी तापवायचं सोलर कशाला, विजेचं सोलर घ्या, सबसिडी पण आहे. आहे खरी, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये मिळतात, आणि पाणी तापवायच्या सोलरवरची केंद्राची सबसिडी २०१४ मध्ये बंद झाली. ज्यांची गच्ची मोठी आहे त्यांनी विजेचं जरूर घ्यावं. पण जागेचा हिशोब बघा. २०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सव्वानऊ युनिटं लागतात. एक किलोवॉट पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं आणि साधारण १०० चौरस फूट जागा घेतं, म्हणजे फक्त आंघोळीसाठी २०० चौरस फुटांच्या वर. नळ्यांचं सोलर तेच काम ४०-५० चौरस फुटांत करतं, कारण उन्हाची वीज करून पुन्हा उष्णता करण्यापेक्षा थेट उष्णता घेणं सोपं आहे. आमच्या गच्चीवर आईंचे पापड, कुरडया, वाळवण सगळं असतं, तिथे जागा ही फार मोलाची.

अंगणात बंब अजून आहे. आईंच्या माहेरी निफाड तालुक्यात द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या बंबात घालायचे, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळा ढीग लागायचे. दिवाळीच्या आधी तो चिंचेनं घासून लख्ख करतात, पहिल्या आंघोळीला त्याच्याभोवती रांगोळी काढतात आणि त्या एका पहाटे पाणी त्यातच तापतं. बाकी वर्षभर धूर नको, आईंच्या छातीला तो सोसत नाही. त्यांनी कितीतरी वर्षं रोज पहाटे उठून चुलीपुढे, बंबापुढे फुंकणीनं फुंकलंय, सहा-सात माणसांच्या आंघोळींसाठी, आणि घरातलं गरम पाणी हे कोणाच्या तरी आधी उठण्यावर अवलंबून असायचं. आता त्या सगळ्यांबरोबर उठतात. माझ्यासाठी विजेच्या बिलापेक्षा हे जास्त मोलाचं आहे.

लहान मुलं घरात आहेत म्हणून एवढं सांगते, बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उन्हाळ्यात सोलरचं पाणी अंगावर थेट पडलं तर भाजतं, खरंच भाजतं. शॉवर असेल तर गार-गरम आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह मिळतो, तो घ्या.

आता पुढचं काम स्वयंपाकघराच्या सिंकचं. आईंना भांड्याला गरम पाणी हवंय, तेलकट कढया धुवायला. बॉयलरपासून सिंक लांब, पाइप फिरवून १५ मीटर. प्लंबरदादा म्हणतात पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप, टाकू, प्रेशर चांगलं येईल. पण पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी बसतं, म्हणजे गरम येईपर्यंत दर वेळी जवळजवळ चार लिटर गार पाणी सोडायचं, आणि अर्ध्या इंचीत त्याच्या निम्म्याहून कमी. सिंकला धार बारीक असली तरी चालते. दोन दिवस आमची चर्चा चालली, शेवटी अर्धा इंची ठरलाय, वरून उष्णता धरून ठेवायला काळं नायट्राइल फोम, आणि जिथे पाइप उन्हात येतो तिथे फोमवर ॲल्युमिनियमचा पत्रा, कारण नुसता फोम उन्हानं फाटतो आणि खारी तो घरट्यासाठी कुरतडून नेतात. गणपतीच्या आत काम करून द्यायचं दादांनी कबूल केलंय.